एसएटीचे गुण बेताचे, कॉलेज मात्र नामांकित : अमेरिकेतल्या प्रवेशाचा खर्च आणि वाटा

एसएटीत १६०० पैकी १३०० गुण मिळाले, तर ते अमेरिकेतल्या सरासरीच्या बरेच वर असतात. पण बोडन, अ‍ॅम्हर्स्ट किंवा लॉस एंजेलिसचं यूसीएलए अशा कॉलेजांत शंभरातले जेमतेम दहा किंवा त्याहूनही कमी अर्ज स्वीकारले जातात. बोडन, अ‍ॅम्हर्स्टसारख्या ठिकाणी गुण कळवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आकडा १४५० च्या पुढे असतो. त्यामुळे घरात पुन्हा क्लास, पुन्हा परीक्षा आणि महागडा कन्सल्टंट यांची चर्चा सुरू होते. त्याआधी हे मार्गदर्शन वाचा. गुण वाढवण्यावर लाखभर रुपये घालण्यापेक्षा कॉलेजांची यादी नीट करणं जास्त उपयोगी पडतं, आणि ते फुकट होतं. इथले सगळे हिशेब डॉलरला ९० रुपये धरून केले आहेत.

आधी नियम पाहा

परीक्षेबाबत कॉलेजांचे तीन गट पडतात.

गुण सक्तीचे : एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड आणि कॅलटेकने २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केल्याचं जाहीर केलं. येलला एसएटी, एसीटी, एपी किंवा आयबी यांपैकी एकाचे गुण चालतात. बेताच्या गुणांवर या गटात अर्ज करायचा असेल, तर एखादाच करा.

गुण ऐच्छिक : बोडनने ही पद्धत १९६९ पासून ठेवली आहे. बेट्स, माउंट होल्योक, स्मिथ, शिकागो विद्यापीठ, कोलंबिया आणि अ‍ॅम्हर्स्टही याच गटात येतात. तुमची मुख्य यादी इथून निघेल.

गुण पाहतच नाहीत : कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगोसह पदवीची नऊ केंद्रं. प्रवेशाच्या निर्णयात इथे एसएटीला जागाच नाही.

नियम दरवर्षी बदलतात. अर्जाच्या वर्षी कॉलेजच्या संकेतस्थळावर ते स्वतः वाचा, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नका.

गुण पाठवायचे की झाकायचे?

बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची माहितीपत्रिका फुकट प्रसिद्ध करतात. तिच्यातली तीन कलमं पाहा. सी-९ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या गुणांचा मधला पट्टा दिलेला असतो. तुमचे गुण त्याच्या खालच्या टोकाहून कमी असतील, तर ऐच्छिक कॉलेजला ते पाठवू नका. सी-७ मध्ये निबंध, शिफारसपत्रं, विषयांची काठिण्यपातळी यांपैकी कशाला किती महत्त्व आहे ते कळतं. एच-६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना किती आर्थिक मदत मिळाली, याचा आकडा असतो.

मात्र गुण न पाठवल्याने स्पर्धा सोपी होत नाही. परीक्षेचा आकडा नसला की वजन बाकीच्या कागदांवर येतं : नववी ते बारावीचे गुण, निबंध, शिक्षकांचं मत आणि वर्गाबाहेर सातत्याने केलेलं काम. हे कागद कच्चे असतील, तर ऐच्छिक नियमाचा फायदा होत नाही.

अर्जाचा खर्च

• एसएटी : भारतातून एका वेळेस सुमारे १११ डॉलर, म्हणजे दहा हजार रुपये. तयारीसाठी खान अकॅडमी आणि ब्लूबुक अ‍ॅपमधल्या सराव परीक्षा फुकट आहेत. दुसरी परीक्षा जरूर द्या. तिसरी द्यायची असेल, तर सराव परीक्षांत गुण स्पष्ट वाढलेले दिसले पाहिजेत.

• इंग्रजीची परीक्षा : ड्युओलिंगो सुमारे ७० डॉलर, म्हणजे ६,३०० रुपये. आयएल्ट्सला जवळपास तिप्पट लागतात. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना काही कॉलेजं ही परीक्षा माफ करतात. तसं विचारून घ्या.

• अर्ज शुल्क : कॉलेजमागे साधारण ६० ते १०० डॉलर. कॅलिफोर्निया विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यांकडून दर केंद्राचे ९५ डॉलर घेतं. स्मिथ, वेलस्ली, कार्लटन आणि ग्रिनेल शुल्क घेत नाहीत. स्मिथ आणि वेलस्ली ही महिला कॉलेजं आहेत.

• आर्थिक मदतीचा अर्ज : सीएसएस प्रोफाइलला पहिल्या कॉलेजचे २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाचे १६. सहा कॉलेजांचे १०५ डॉलर, म्हणजे सुमारे साडेनऊ हजार रुपये.

दोनदा एसएटी, एकदा ड्युओलिंगो, शुल्काची आठ कॉलेजं आणि सीएसएस मिळून ९० हजारांच्या आसपास खर्च येतो. एसएटी एकदाच दिली आणि आठपैकी चार कॉलेजं बिनशुल्काची घेतली, तर हाच खर्च ५०-५५ हजारांवर येतो. ज्या कुटुंबाला तोही जड आहे, त्याने शुल्कमाफी मागण्यात संकोच करू नये. अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवता येणाऱ्या ‘कॉमन अ‍ॅप’ या संकेतस्थळावर तशी सोय आहे, आणि बरीच कॉलेजं थेट ईमेलवर केलेली विनंतीही मान्य करतात.

प्रवेश मिळाल्यावर व्हिसाचे १८५ आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे, म्हणजे सेव्हिस शुल्काचे ३५० डॉलर वेगळे. ते सुमारे ४८ हजार रुपये होतात.

खरा आकडा चार वर्षांचा

नामांकित खासगी कॉलेजात राहण्या-जेवणासह वर्षाला ८५ ते ९५ हजार डॉलर लागतात. रुपयांत हे पाऊण कोटीच्या वर जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठ गुण पाहत नाही, पण परदेशी विद्यार्थ्यांना गरजेनुसार मदतही जवळपास देत नाही. तिथे चार वर्षांचे पावणेतीन-तीन कोटी स्वतः उभे करावे लागतात. कॅलिफोर्नियातच स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचं गणित वेगळं आहे. रहिवाशांना वर्षाचे सुमारे ३७ हजार डॉलरचे अनिवासी शुल्क लागत नाही, त्यामुळे त्यांनी ही वाट सर्वांत आधी पाहावी.

भारतातल्या मध्यमवर्गीय घरासाठी बोडन आणि अ‍ॅम्हर्स्ट यांना यादीत वरचं स्थान द्या. इथे गुण ऐच्छिक आहेत, परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली म्हणून त्याचा अर्ज मागे पडत नाही आणि प्रवेश दिल्यावर ठरलेली गरज कर्जाविना पूर्ण भागवली जाते. स्मिथ, माउंट होल्योक, बेट्सही मोठी मदत देतात, पण परदेशी अर्जदाराचा निर्णय घेताना मागितलेली रक्कम विचारात घेतात.

नोव्हेंबरातला ‘अर्ली डिसिजन’ अर्ज बांधील असतो. प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये घरचं उत्पन्न घालून अंदाज घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. देऊ केलेली मदत खरोखरच अपुरी पडली, तर या बांधिलकीतून सुटका मिळते.

महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांनी हे आधी करावं

आपल्याकडे नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात होते, म्हणून गुणपत्रिका दोन ठिकाणांहून आणाव्या लागतात. कॉमन अ‍ॅपला काउन्सेलरचं पत्र हवं असतं. कॉलेजात तसं पद नसेल, तर प्राचार्य किंवा उपप्राचार्य ती जबाबदारी घेऊ शकतात. बोर्डाचे ८८ टक्के म्हणजे नेमकं काय, हे अमेरिकेतल्या वाचणाऱ्याला ठाऊक नसतं. कॉलेजची, बोर्डाची आणि वर्गातल्या स्थानाची एका पानाची ओळख प्राचार्यांकडून किंवा उपप्राचार्यांकडून लिहून घ्या. ही कामं सप्टेंबरपर्यंत उरकली, तर निबंधांना शांतपणे वेळ मिळतो. हजेरीपुरतं नाव असलेल्या इंटिग्रेटेड कॉलेजात शिकत असाल, तर शिफारसपत्र देण्याइतपत तुम्हाला ओळखणारे दोन शिक्षक अकरावीतच जोडा.

इथे पैसे घालू नका

प्रवेशाची हमी देणारा कन्सल्टंट, निबंध लिहून देणारा माणूस आणि पैसे घेऊन छापलं जाणारं ‘संशोधन’ यांच्यापासून दूर राहा. दुसऱ्याने लिहिलेला निबंध उघडकीस आला, तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. निबंध मुलालाच लिहू द्या. आजीच्या दवाखान्याच्या फेऱ्या, गावच्या वाचनालयातलं काम, घरच्या दुकानाचा हिशेब सांभाळणं, हे विषय साडेसहाशे शब्दांत प्रामाणिकपणे मांडता येतात. पालकांनी व्याकरण तपासावं, आवाज मुलाचाच राहू द्यावा.

आठ कॉलेजांच्या यादीत तीन अशी हवीत जिथे प्रवेशाची शक्यता चांगली आहे आणि खर्चही झेपेल. ती तीन आधी ठरवा, मगच बोडनचा अर्ज उघडा.