रैनबसेरा: फक्त रात्रीपुरता?

आपल्या इंदूरच्या मराठीत ‘रात्रनिवारा’ क्वचितच ऐकू येतं. सगळे ‘रैनबसेरा’च म्हणतात. रैन म्हणजे रात्र, बसेरा म्हणजे मुक्काम. शब्द गोड आहे. पण बेघरांची सोय करताना होणारी मोठी चूक याच शब्दात लपली आहे, असं मला आता वाटतं.

गेल्या नाताळाआधी चर्चमधल्या युवकांबरोबर मी ब्लँकेटं वाटायला गेले होते. भाजी मंडीजवळ एक काका हातगाडीवरच झोपले होते. मूळचे जळगावकडचे, म्हणून मराठीतच बोललो. ‘‘काका, रैनबसेऱ्यात का नाही जात?’’ असं मी विचारलं.

‘‘गाडी कुठं लावू, पोरी? भाड्याची आहे. अन् पहाटे तीनला माल उतरवायचा असतो, तेव्हा तिथलं दार बंद.’’

मी गप्प झाले. घरी येऊन नियम शोधले.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात, म्हणजे २०१३ पासून, शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आली. दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायमस्वरूपी सोय असावी, हे त्यातलं माप होतं. २०११ च्या जनगणनेत इंदूरची लोकसंख्या १९ लाखांच्या वर होती. म्हणजे त्याच हिशेबाने किमान १९०० जणांची जागा हवी. माणशी निदान ५० चौरस फूट, सामानासाठी लॉकर, स्वयंपाकाची जागा आणि आठ-आठ तासांच्या पाळीने तीन काळजीवाहक, असंही त्याच्या नियमांत होतं. तीन पाळ्या म्हणजे चोवीस तास! कागदावरचा निवारा फक्त रात्रीचा नव्हताच.

मग अडतं कुठे? माझ्या मते, सुरुवात इमारतीपासून होते, माणसापासून नाही. महापालिकेने आधी रात्री फिरून मोजणी करावी: कोण कुठे झोपतं, काम काय करतं, सोबत बायकामुलं आहेत का. त्यावरून जागा ठरवावी. हमालाचा निवारा मंडीजवळच हवा, पाच किलोमीटरवर नको. गाडी लावायला कुलूपबंद आवार हवं. एकट्या बायका, कुटुंबं आणि आजारी म्हातारी माणसं यांची सोय वेगवेगळी हवी. आधार कार्ड नाही म्हणून दारातून परत पाठवू नये; उलट कार्ड काढायला निवाऱ्याचाच पत्ता मिळावा. पत्ता मिळाला की रेशन, पेन्शन, बँक खातं यांची वाट मोकळी होते.

आणखी एक प्रश्न राहतो: माणसांना तिथे नेणार कोण आणि कसं? जानेवारी २०२१ मध्ये, ऐन थंडीत, आपल्याच शहरातल्या बेघर वृद्धांना महापालिकेच्या ट्रकमधून शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ उतरवलं गेलं. गावकऱ्यांनी अडवलं, व्हिडिओ काढले, तेव्हा त्यांना परत ट्रकमध्ये बसवलं. नंतर एका उपायुक्तांचं निलंबन झालं. स्वच्छतेत देशात पहिलं येणारं आपलं शहर. पण माणसं म्हणजे उचलायचा कचरा नव्हे. हे काम ओळखीचं, विश्वासाचं माणूस हवं असलेलं आहे. त्याच त्या भागात रोज जाऊन नावाने हाक मारणारे कार्यकर्ते नेमले, तर ट्रकची गरजच पडणार नाही.

इथे आपल्याला काही करता येईल का? मला वाटतं, येईल. रात्रीच्या मोजणीत सोबत जाणं, फॉर्म भरून देणं, मराठी-हिंदी दोन्हीत बोलणं, एवढं तर आपल्या मंडळातल्या कुणालाही जमेल.

दरवर्षी चर्चमध्ये गव्हाणी सजवताना, धर्मशाळेत जागा न मिळालेल्या त्या जोडप्याची गोष्ट आम्ही सांगतो. यंदा ती सांगताना मला काकांची हातगाडी आठवेल. त्यांना ब्लँकेट देऊन मी घरी आले, पण त्यांनी मागितलं होतं ते गाडी लावायला जागा आणि पहाटे तीनला उघडं दार.