प्रकाशाचे शीड

लांबच्या प्रवासाला निघताना आपण शिदोरी बरोबर घेतो. अग्निबाणाची शिदोरी म्हणजे इंधन. पण इंधनाला वजन असते. ते उचलायला आणखी इंधन लागते. त्या इंधनाचे वजन उचलायला पुन्हा आणखी! म्हणून उड्डाणाच्या वेळी अग्निबाणाच्या वजनाचा फार मोठा भाग इंधनाचाच असतो.

मग वाटेत जे मिळेल, त्यावर प्रवास करता येईल का?

शिडाची होडी हेच करते. ती वारा बरोबर नेत नाही. वाटेतला वारा शिडात धरते. अवकाशात असा वारा नाही, पण सूर्यप्रकाश आहे. प्रकाश आरशावर पडून परत फिरतो, तेव्हा तो आरशाला किंचित ढकलतो.

२१ मे २०१० रोजी जपानने ‘इकारोस’ नावाचे यान सोडले. त्याचे शीड चौकोनी होते. प्रत्येक बाजू सुमारे १४ मीटर. जाडी मात्र केसाच्या जवळपास दहाव्या भागाइतकी! हे नाजूक शीड घडी करून नेले होते. ते अडकले किंवा फाटले असते, तर दुरुस्त करायला तेथे कोण होते? यान स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागले. गिरकी घेताना झग्याचा घेर फुलतो, तसे शीड हळूहळू उलगडले. मग यानाने मुठीएवढा एक कॅमेरा बाहेर सोडला. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत पूर्ण उघडलेले शीड दिसले.

प्रकाशाचा रेटा किती होता? तांदळाचे चार-पाच दाणे तळहातावर ठेवले, तर जेवढा भार होईल तेवढाच. पण तो अखंड होता. अग्निबाणाने दिलेल्या वेगावर तो सतत काम करत राहिला. ८ डिसेंबर २०१० रोजी इकारोस शुक्राजवळून गेले.

सूर्यापासून दूर गेल्यावर हा रेटा कमी होतो. तेथे काय करायचे? १९६० साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ रॉबर्ट बुसार्ड यांनी एक कल्पना मांडली. ताऱ्यांमधल्या पोकळीत विरळ हायड्रोजन असतो. यानाने तो गोळा करावा आणि इंधन म्हणून वापरावा. असे यान अजून कोणी बनवू शकलेले नाही.

प्रकाशाचे शीड मात्र खरोखर उघडले. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण अवकाशातही खरी ठरली.

शब्दार्थ
शिदोरी – प्रवासात खाण्यासाठी घेतलेले अन्न, तोशा
शीड – बादबान
रेटा – ढकलणारा जोर
अखंड – न थांबणारा
विरळ – दाट नसलेला

स्वाध्याय
१. इंधन वाढले की आणखी इंधन का लागते?
२. इकारोसचे शीड कसे उघडले?
३. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीचा पाठाशी काय संबंध आहे, ते लिहा.