बाळाच्या लशी आणि दोन पिवळी पुस्तकं

(जर्मनीत नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी. तिघांनी लिहून पाठवलं, ते जवळजवळ तसंच ठेवलंय.)

स्टुटगार्टहून, दोन मुलांची आई

किंडरआर्ट्झ, म्हणजे मुलांचे डॉक्टर, दिवस गेलेले असतानाच शोधा. नंतर फोन केला की "नवे पेशंट घेत नाही" हेच ऐकू येतं. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून डांग्या खोकल्याची लस आईने स्वतः घ्यायची असते. बाळंतपणाला येणाऱ्या आई, सासूबाई आणि बाबांनीही दहा वर्षांत ती घेतलेली नसेल तर बाळंतपणाच्या तारखेच्या महिनाभर आधी घ्यायला सांगा.

बाळाचं वेळापत्रक स्टिको ही तज्ज्ञ समिती ठरवते. जन्मल्यावर बीसीजी नाही (ती शिफारस १९९८ मध्येच बंद झाली), पोलिओचे थेंबही नाहीत. त्यामुळे डाव्या दंडावर व्रण नाही म्हणून घाबरू नका. सहाव्या आठवड्यापासून रोटाव्हायरस, तोंडाने. दोन, चार आणि अकरा महिन्यांना सहा रोगांची एकत्र लस: घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ, हिब, ब प्रकारची कावीळ. सोबत न्यूमोकोकस. २०२४ पासून मेनिंगोकोकस बी आली, ती दोन, चार आणि बारा महिन्यांना. हिने ताप येतो, म्हणून पॅरासिटामॉल आधीच सांगतात. ते बहुधा शीच्या जागी ठेवायच्या गोळीच्या रूपात मिळतं. मी पहिल्यांदा ती तोंडातूनच द्यायला निघाले होते. गोवर-गालगुंड-रुबेला (एमएमआर) आणि कांजिण्या अकरा व पंधरा महिन्यांना. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर तिसऱ्या महिन्यात जादा डोस असतो.

पैसे: सरकारी विमा असेल तर या लशींचे पडत नाहीत.

फ्रँकफर्टजवळून, एक वैतागलेला बाबा

आमचा मुलगा पुण्यात जन्मला. अडीच वर्षांचा असताना इकडे आलो, नशिबाने किटामध्ये, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, जागा मिळाली, आणि मग सुरू झाली वरात. १ मार्च २०२० पासून कायदा आहे: वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला गोवराचा एक डोस, दोन वर्षं झालेल्याला दोन, आणि पुरावा दाखवल्याशिवाय किटात प्रवेश नाही. आमच्याकडे पुरावा होता! महापालिकेच्या दवाखान्याचं कार्ड, नवव्या महिन्यातली एमआर (गोवर-रुबेला), सोळाव्या महिन्यातली एमआर. किटाच्या बाई म्हणाल्या, शिक्का वाचता येत नाही. भाषांतर करून आणलं. मग म्हणाल्या, एमआर म्हणजे काय, आम्हाला एमएमआर हवी. दुसऱ्या टेबलावर तिसरंच. सहा आठवडे गेले, बायकोची नोकरीवर रुजू व्हायची तारीख दोनदा पुढे ढकलली. शेवटी डॉक्टरांनी रक्ततपासणी केली, गोवराची प्रतिकारशक्ती निघाली आणि त्या कागदावर दहा मिनिटांत काम झालं. कायद्यात ही सोय पहिल्यापासून आहे. सांगायला मात्र कुणाला सुचलं नाही.

म्हणून आल्या आल्या भारतातलं कार्ड डॉक्टरांना दाखवून इम्फपासमध्ये, म्हणजे लशींच्या पिवळ्या पुस्तकात, उतरवून घ्या. घोळ असा की बाळाच्या नेहमीच्या तपासण्यांचं पुस्तक, युहेफ्ट, तेही पिवळंच असतं. किटाला लशींसाठी मी आठवडाभर चुकीचं पिवळं पुस्तक दाखवत होतो. एमआरमध्ये गालगुंड नसतो, तेव्हा एमएमआर घ्यायची का, तेही त्याच भेटीत विचारा.

म्युनिकहून, सगळ्यांची काकू

लशी सगळ्या वेळेवर द्या, त्यात वाद नको. पण नव्या मुली म्हणतात, इथे कसली गुटी, कसली तीट! गुटी उगाळायची तर उगाळा, मात्र वर्षाच्या आत मध अजिबात नाही. इथली सुईणही तेच सांगते आणि ती बरोबर आहे. (सुईण घरी येते, तिला चहा विचारा.) टोचून आल्यावर दृष्ट काढली तर डॉक्टरांचं काही जात नाही. सुई टोचताना बाळाशी मराठीतच बोला, "झालं हं सोन्या". आमच्या मुलाला आईची भाषा तिथे ऐकू आली. तुम्ही पोरं घरातसुद्धा जर्मन बोलता आणि मग आजीशी फोनवर बोलायला मूल लाजतं, तेव्हा कुणाला दोष देणार?

सुट्टीला भारतात नेणार असाल तर दोन महिने आधी डॉक्टरांना विचारा. टायफॉइड नेहमीच्या यादीत नाही.

शाळेच्या वयातल्या लशींवर कुणीच लिहिलेलं नाही. ज्यांची मुलं आता मोठी झाली आहेत, त्यांनी कृपया लिहून पाठवावं.