घटातलं धान आणि बादलीतली मेथी : कमी खर्चात घरची भाजी



नवरात्र संपलं, घट उठले. आपल्यापैकी बऱ्याच घरांत नऊ दिवस परडीतल्या मातीत धान पेरलं होतं, रोज पाणी शिंपडलं होतं, आणि दसऱ्याला ते कोंब काढून कोणी टोपीत खोवले, कोणी कानामागे. तेव्हा "आम्हाला बी पेरण्यातलं काही कळत नाही" असं म्हणायला आपल्यात फारशी कोणाला जागा नाही.

आता ते धान कसं दिसत होतं ते आठवा. उंच, नाजूक, पिवळसर. देवघरात ऊन येत नाही म्हणून ते तसं वाढतं. नऊ दिवस बियाच्या पोटात साठवलेलं अन्न पुरतं, त्यापुढे ऊन आणि मातीतलं अन्न लागतं. घरी भाजी लावणाऱ्यांची निम्मी निराशा याच दोन गोष्टींमुळे होते, आणि आमचीही त्यामुळेच झाली होती.

गेल्या महिन्यात तीन-चार परिवार गटांतून एकच प्रश्न आला. भाजी महाग झाली आहे, घरी लावली तर परवडेल का? आमचं उत्तर असं की परवडते, पण सगळीच भाजी परवडत नाही. आणि आम्ही केली तशी सुरुवात केलीत तर मुळीच परवडत नाही.

आम्ही बडोद्याचे. तीन वर्षांपूर्वी आमच्या घरातली एक नोकरी सुटली. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिल्यांदा काय कमी होतं, हे ज्या घरांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. दूध कमी होत नाही, मुलांची फी कमी होत नाही, औषधं कमी होत नाहीत. ताटातली हिरवी भाजी कमी होते. मेथी-पालक रविवारपुरते उरले. एकदा धाकटीनं ताट पुढे ओढून नुसतं "आजपण बटाटा?" एवढंच विचारलं. त्या रात्री आम्ही मोबाईलवर एक तयार संच मागवला. बारा पिशव्या, कोकोपीटच्या विटा, ब्रोकोली, सिमला मिरची, चेरी टोमॅटोचं बी. २,७४० रुपये. हातात पैसा नसताना.

संचाच्या कागदावर लिहिलं होतं तसं नुसतं कोकोपीट भरलं. रोपं वर आली, चार पानांची झाली आणि पिवळी पडली. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, पण त्यात रोपाचं जेवण जवळजवळ नसतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी चार सिमला मिरच्या मिळाल्या. म्हणजे एक मिरची ६८५ रुपयांना पडली! वर पिशव्या थेट गच्चीच्या फरशीवर ठेवल्या होत्या, त्यामुळे खालच्या घरातल्यांच्या छताला ओल आली आणि बोलणी खावी लागली ती वेगळीच.

दुसऱ्या वर्षी खर्च झाला २४० रुपये. पहिल्या वेळेपुरतं विकतचं शेणखत १२०, पालकाचं आणि मुळ्याचं बी ४०, कडुलिंबाच्या तेलाची छोटी बाटली ८०. बाकी सगळं घरातलं किंवा मागून आणलेलं. ते कसं जमलं ते आता सांगतो.

*काय लावायचं, काय नाही*

कांदा, बटाटा, फ्लॉवर, कोबी यांच्या वाटेला जाऊ नका. जागा खूप खातात, महिनोन्‌महिने अडवतात, आणि हंगामात बाजारात स्वस्त मिळतात. टोमॅटोची दोन रोपं हौसेनं लावावीत, पण त्यावर घर चालत नाही. परवडतं ते पानांचं. कोथिंबीर, मेथी, पालक, पुदिना, कढीपत्ता, कांद्याची पात, लसणाची पात. एक तर पानं लवकर हाताशी येतात, आणि दुसरं म्हणजे ती आपण थोडी-थोडी रोज आणतो, अर्धी जुडी फ्रीजमध्ये सडवतो. घरी लावलेली मात्र लागेल तेवढीच खुडायची.

आमचाच हिशोब सांगतो. आठवड्याला दोन जुड्या कोथिंबीर, जुडी १० रुपयांची धरली तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी १६ आठवड्यांचे ३२० रुपये. तेवढ्यातच वर्षाचा सगळा खर्च निघाला. मेथी, पालक, पात हे वरचं. यातून कोणी श्रीमंत होत नाही, पण आठवड्यातून तीन-चार दिवस ताटात हिरवं परत आलं.

बडोद्यात थंडी लागली की खंडेराव मार्केटात हिरवा लसूण येतो आणि सुरुवातीला त्याचे भाव ऐकून आपण पुढे चालू लागतो. घरातल्या लसणाच्या कोंब आलेल्या पाकळ्या टोक वर करून चार बोटांच्या अंतरानं खोचा. तीन-चार आठवड्यांत कापण्याजोगी पात येते. कोंब आलेला कांदाही तसाच. तो फेकू नका, मातीत अर्धा बसवा.

*भांडी*

विकत घेऊ नका. इमारतीत कुठे रंगकाम झालं की २० लिटरच्या बादल्या उरतात, त्या मागून आणा. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाच्या असाव्यात. ऑइलपेंटच्या किंवा रसायनांच्या घेऊ नयेत. घासून धुवून तळाला पाच-सहा भोकं पाडा. पालेभाजीला इतकी खोली लागतही नाही, एक वीत पुरते. पाच लिटरचा तेलाचा कॅन आडवा कापला की कोथिंबिरीचं झकास ताटवं होतं. पत्र्याचा १५ किलोचा तेलाचा डबा थंडीत चालतो, पण मे महिन्यात त्यात मुळं भाजतात.

बादल्या विटांवर ठेवा, फरशीवर नको. आणि भिंतीच्या कडेनं ठेवा, कारण नुसत्या मातीनं भरलेली २० लिटरची बादली पाणी प्यायली की २५ ते ३० किलोंची होते. जुन्या घरांच्या गच्चीवर मधोमध अशी रांग मांडणं बरं नाही.

*माती*

इथे घाई करू नका, सगळं गणित इथेच आहे.

बांधकामाच्या पायातून निघालेली माती फुकट मिळते म्हणून आणू नये, ती खालच्या थराची, निर्जीव असते. शेतातली किंवा जुन्या बागेतली वरची वीतभर माती हवी. आपण सगळे वेगवेगळ्या मातीचे लोक आहोत, तेव्हा एकच प्रमाण सगळ्यांना चालणार नाही. इंदूर-माळव्याची काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात माती, वाळू, खत सारखे भाग घ्या. गोव्याची आणि खानापूर-बेळगावच्या बाजूची तांबडी माती, तशीच हैदराबादची तांबडी रेताड माती, पाणी लगेच सोडून देते. तिला वाळू नको, दोन भाग मातीला दीड भाग खत द्या. गोव्याच्या मातीत आंबटपणाही असतो, तिथे चुलीची किंवा शेगडीची राख बादलीला मूठभर घातलेली चालते. इतरांनी राखेचा फार उत्साह दाखवू नये.

खत घरीच करायचं. इंदूरकरांना ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकवण्याची आमची छाती नाही. २०१७ पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं शहर आहे ते! त्यांचा ओला कचरा आयता वेगळा असतो, फक्त तो गाडीत जायच्या आधी थोडा घरी ठेवायचा.

झाकणाच्या जुन्या बादलीला बाजूंनी आणि तळाला भोकं पाडा. तळाला चार बोटं वाळका पाला. त्यावर रोजची सालं, देठं, चहाचा चोथा (साखरेचा चहा असेल तर धुवून). आणि प्रत्येक वेळी जेवढा ओला कचरा, त्याच्या दुप्पट वाळका पाला वर. हा वाळका पालाच लोक विसरतात, मग वास येतो, मग चिलटं येतात, मग घरातली मोठी माणसं बादली बाहेर काढायला लावतात. आमच्याकडे अगदी याच क्रमानं झालं. वास आला तर ओल जास्त झाली समजा, पाला किंवा वर्तमानपत्राचे तुकडे घाला. मुंग्या लागल्या तर फार कोरडं झालं, थोडं पाणी शिंपडा. चार-पाच दिवसांनी काठीनं खालीवर करा. सुरुवातीला मूठभर जुनी माती किंवा वाटीभर आंबट ताक घातलं की काम लवकर सुरू होतं. शिजलेलं, तेला-मिठाचं अन्न घालू नका. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येणारं खत तयार.

निर्माल्याबद्दल एक. हार-फुलं नदीत सोडण्यापेक्षा मातीत गेलेली चांगली. दोरे, प्लॅस्टिक, जरीचे तुकडे मात्र आधी काढा. काही घरांत ज्येष्ठांना निर्माल्य आणि भाजीची सालं एकत्र केलेली रुचत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका, निर्माल्याचा छोटा माठ वेगळा ठेवा. आमच्या सासूबाईंनी तो माठ स्वतःकडे घेतला, आणि खरं सांगायचं तर त्यांचं खत आमच्यापेक्षा सरस होतं.

*पेरणी*

धणे स्वयंपाकघरातलेच घ्या, पण या वर्षीचे आणि न भाजलेले. एका धण्यात दोन बिया असतात. पोळपाटावर लाटणं हलकेच फिरवून त्या सुट्या करा. पीठ करायचं नाही. रात्रभर भिजत घाला, सकाळी पेरा, वर अर्ध्या पेराएवढी माती. आठ ते बारा दिवस काही दिसत नाही, आणि इथेच अनेकजण उकरून बघतात. उकरू नका. पहिली कापणी साधारण ३५-४० दिवसांनी. सगळं एकाच दिवशी पेरू नये. दर पंधरा दिवसांनी एक कॅन पेरला की चार कॅनांत हिवाळा निघतो.

मेथीदाणे तर तीन-चार दिवसांत उगवतात आणि पंचवीस-तीस दिवसांत भाजी हातात. ज्यांना पहिल्यांदाच करायचंय, घरात लहान मुलं आहेत, त्यांनी मेथीपासूनच सुरुवात करावी. पालकाची बाहेरची पानं खुडत राहा, मधला गाभा सोडा, महिनाभर परत-परत येतो. पुदिना विकत आणलेल्या जुडीतल्याच काड्यांचा लावा. खालची पानं काढून पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात मुळं फुटतात.

पाकिटातलं बी गुलाबी-निळं दिसलं तर त्याला औषध लावलेलं असतं. मुलांच्या हाती देऊ नका, पेरल्यावर हात धुवा. शक्य तिथे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, साधं सुधारित बी तिथे मिळू शकतं. टोमॅटोत 'पुसा रूबी', मिरचीत 'पुसा ज्वाला', भेंडीत 'अर्का अनामिका' अशी वाणं मागा. ही संकरित नाहीत, त्यामुळे त्यांचं बी पुढच्या वर्षी धरता येतं. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढचं झाड तसंच येईल याचा भरवसा नसतो.

*ऊन, पाणी, कीड*

पालेभाजीला तीन-चार तासांचं ऊन पुरतं, मिरची-टोमॅटोला सहा तास हवं. खिडकीत त्याहून कमी ऊन असेल तर टोमॅटोचा हट्ट सोडा, मेथी दाट पेरा आणि पंधरा दिवसांची झाली की कोवळीच कापा.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी. थंडीत बहुधा एक दिवसाआड लागतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी उत्तम. पण आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी रोज कुंडीत घालू नका. त्यात क्षार साठलेले असतात, काही आठवड्यांत मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात. ते फरशी पुसायला ठेवा.

मावा आला तर आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवून काढा. मिरचीवर चुरडा-मुरडा दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल, दोन-चार थेंब साबणाचं पाणी, आणि फवारणी संध्याकाळीच. पालेभाजीवर आम्ही काहीच फवारत नाही. कीड फार झाली तर तेवढा कॅन उपटून पुन्हा पेरतो, बी घरातलंच असतं.

ग्वाल्हेरच्या मंडळींनी डिसेंबर अखेरपासून रात्री टोमॅटो-मिरचीवर जुनी साडी टाकावी, कडाक्याची थंडी एका रात्रीत झाड काळं करते. सकाळी ऊन आलं की साडी काढा.

घटाची माती अजून विसर्जित केली नसेल, आणि घरातल्यांची हरकत नसेल, तर ती बादलीत मिसळा. मेथीदाणे आज रात्रीच भिजत घाला.

उन्हाळ्यातल्या अंबाडी, मायाळू आणि तांबड्या माठाविषयी माघात लिहू. हैदराबादच्या ताईंनी अंबाडीचं बी पाठवायचं कबूल केलं आहे. ज्यांना हवं असेल त्यांनी आपापल्या गटप्रमुखांकडे कुटुंबाचं नाव आणि गाव नोंदवावं, एका घराला एक पुडी.