नांदेड म्हणून सांग

अगं, परवा फोनवर तू यादी वाचायलीस आणि मी इकडं भाकरी थापता थापता ऐकायले. पहिल्या दिवशी ग्रँड पॅलेस, दुसऱ्या दिवशी वाट अरुण, तिसऱ्या दिवशी अयुथया. लातूरहून पहिल्यांदा एकटी बँकॉकला चाललेली पोरगी आणि हा कार्यक्रम! काकू स्पीकरवर होती म्हणून गप्प बसले. आता निवांत बोलते. माझ्याही वहीत अशीच यादी होती, पहिल्याच दिवशी तिचा बोऱ्या वाजला. पहिले तीन दिवस बघायचे नसतात बाई, रुळायचे असतात.

आधी मुंबईच्या विमानाचा हट्ट सोड. आपल्याला हैदराबाद जवळ, आणि तिथून बँकॉक साधारण साडेतीन तास. मुंबई गाठायला रेल्वेत रात्र जाते, तेवढ्यात तू बँकॉकला झोपून उठशील. मुंबईचं तिकीट स्वस्त दिसलं, तरी रेल्वेचं भाडं, रिक्षा, चहा-नाश्ता मांडून बघ.

दुसरं, थायलंडनं 1 मे 2025 पासून येणाऱ्यांचं कार्ड ऑनलाइन केलंय. माझ्या वेळी नव्हतं. पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर लगेच बंद कर. व्हिसाचं मात्र माझ्या भरवशावर राहू नको. नियम बदलत राहतात, तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या साइटवर वाच. परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचा पत्ता कागदावर छापून घे. मोबाइलची बॅटरी नेमकी रांगेत उभं असतानाच संपते.

बँकॉकला विमानतळ दोन: सुवर्णभूमी आणि दॉन मुआंग. आपण कुठं उतरणार ते तिकिटावर बघून ठेव. सुवर्णभूमीला उतरलीस तर बाहेर पडल्या पडल्या पैसे बदलायची घाई करू नको. खाली तळघरात, रेल्वे स्टेशनापाशी, बऱ्या भावाच्या खिडक्या असतात. एटीएम दर वेळी वेगळं शुल्क कापतं, त्यामुळं थोडे थोडे काढू नको, एकदाच काढ. यंत्र विचारेल, रुपयांत हिशोब करू का? नाही म्हण, त्यात त्यांचा भाव चालतो. मग तिथूनच रेल्वे पकड. 45 बाहतात अर्ध्या तासात शहरातल्या फाया थाई स्टेशनाला सोडते.

मुक्कामाला बायकांची डॉर्म घे. सकाळी पोहोचलीस तर खाट दुपारशिवाय मिळणार नाही. बॅग ठेव आणि गल्लीत फिर. किराणा कुठं, भात कुठं मिळतो, बस कुठं थांबते, एवढंच बघ. पहिल्या दिवसाचं पर्यटन संपलं.

आणि एक सांगते, काकूला सांगू नको. पहिल्या संध्याकाळी मी रडले. झालं काहीच नव्हतं. खाटेवर बसून धपाटं सोडलं, शेंगदाण्याच्या चटणीचा वास आला आणि झालं. तुलाही येईल रडू. त्याच वेळी घरी फोन लावू नको. तिथं साडेनऊ वाजतात तेव्हा आपल्याकडं आठ असतात. रोज तीच वेळ ठरव, आधी तोंड धू, मग बोल.

दुसऱ्या दिवशी मी फसले. पॅलेसच्या वाटेवर इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस आडवा आला. म्हणाला, आज सकाळी पूजा आहे, बंद आहे, टुकटुकनं वीस बाहतात देवळं बघून या. देवळं दोन झाली, आणि तास गेला हिऱ्या-माणकांच्या दुकानात. पॅलेस त्या दिवशी उघडाच होता! बंद आहे का ते तिकिटाच्या खिडकीवर विचार, रस्त्यावर नाही. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाल. तिकीट 500 बाहतांचं आहे, दारातून परत येशील तर जीव तुटेल.

तिसऱ्या दिवशी मी फार कंटाळले होते. मांस दिसेल म्हणून दोन दिवस नुसती फळं खाल्ली होती. कोणीतरी पाहुराटचा पत्ता दिला. कापडबाजाराची ती वस्ती, तिथं सोनेरी घुमटाचा मोठा गुरुद्वारा. जोडे काढले, ओढणी डोक्यावर घेतली, पंगतीत बसले, दोन्ही हात पुढं करून रोटी घेतली. काही शिकावं लागलं नाही गं, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात हे आपण लहानपणापासून करत आलो. वाढणाऱ्या आजींनी विचारलं, कुठून? मी ताठ मानेनं म्हणाले, लातूर. त्यांना काही कळेना. मग म्हणाले, नांदेडच्या शेजारी. आजी थांबल्या. "हजूर साहिब?" म्हणाल्या आणि न विचारता आणखी दोन रोट्या वाढल्या. जवळच्या दोघींनाही बोलावून सांगितलं.

नांदेड स्टेशनबाहेर मोठ्या बॅगा घेऊन उभे असलेले कॅनडा-इंग्लंडचे पाहुणे आठवतात ना? आपण हसायचो, साधा पत्ता विचारता येईना म्हणून. त्या दिवशी बॅग माझ्या पाठीवर होती आणि रस्ता आजी सांगत होत्या.

तर यादीतलं अयुथया चौथ्या दिवसावर ढकल. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुराटला जा, लंगर सकाळी असतो. आणि लातूर म्हणू नको, थेट नांदेड म्हणून सांग. आपल्या गावाचा राग मानू नको, जेवण झाल्यावर लातूर सांगता येतं.