यकृताचें रक्षण आणि गुळवेलीची साक्ष

औषध हें रोग बरा करणारें द्रव्य होय, हें आपण सर्व जाणतों. परंतु तेंच द्रव्य शरीराच्या एखाद्या अवयवास इजाही करूं शकतें, ही गोष्ट आपल्या घरांत क्वचितच बोलली जाते. अशी इजा कशी होते, ती टाळण्याचे कोणते उपाय संशोधकांनीं शोधून काढिले, आणि आमच्या वसई-विरारकडील वाड्यांच्या कुंपणांवर चढणाऱ्या गुळवेलीनें या विषयांत कोणता धडा दिला, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहोंत.

पोटाच्या उजव्या बाजूस, फासळ्यांच्या आड, यकृत हा मोठा अवयव असतो. प्रौढ मनुष्याच्या यकृताचें वजन सुमारें दीड किलोग्रॅम भरतें. आंतड्यांत शोषलेलें बहुतेक अन्न व औषध रक्ताबरोबर प्रथम येथेंच येतें. बंदरावर उतरलेला माल ज्याप्रमाणें गांवांत जाण्यापूर्वीं जकातनाक्यावर तपासला जातो, त्याप्रमाणेंच हें होय. यकृतांतील विकरें पुष्कळशा औषधांचें रूप पालटून तीं पाण्यांत विरघळतील अशीं करितात, व मग मूत्रपिंडें तीं मूत्रावाटे बाहेर टाकितात. परंतु हें रूप पालटत असतां कधीं कधीं मूळ औषधापेक्षां अधिक विषारी असा पदार्थ मध्येंच उत्पन्न होतो. आणि जो अवयव शरीराची राखण करितो, त्याच्यावरच पहिला घाव बसतो.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे घरोघरीं आढळणारें पॅरासिटामॉल. योग्य मात्रेंत तें तापावर निर्धोक व गुणकारी आहे. त्याचा थोडा अंश यकृतांत विषारी रूप घेतो खरा. पण यकृतांतच साठविलेलें ग्लुटाथायोन नांवाचें द्रव्य त्यास तत्काळ निरुपद्रवी करितें. औषध अति झालें म्हणजे हा साठा संपतो, आणि मोकळें राहिलेलें विष यकृताच्या पेशी मारूं लागतें. ही क्रिया इ. स. १९७३ च्या सुमारास अमेरिकेंतील संशोधकांनीं उंदरांवर प्रयोग करून उलगडली. कारण कळलें तेव्हां उपायही सुचला. ग्लुटाथायोनचा साठा पुन्हां भरून काढणारें अॅसिटिलसिस्टिन हें औषध एडिंबरो येथील डॉ. प्रेस्कॉट यांनीं त्याच दशकांत रोग्यांस देऊन पाहिलें. अति मात्रा घेतल्यापासून ८ तासांच्या आंत तें मिळालें, तर यकृत बहुधा वांचतें. मात्र पहिल्या दिवशीं रोग्यास फारसा त्रास जाणवत नाहीं, आणि म्हणूनच 'कांहीं झालें नाहीं' असें समजून घरीं बसणें घातक ठरतें.

दुसरें उदाहरण क्षयरोगाचें. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड या औषधांनीं असंख्य प्राण वांचविले आहेत. पण या तिन्हींपासून कांहीं रोग्यांच्या यकृतास सूज येते. आयसोनियाझिडमुळें हातापायांस मुंग्या येण्याचा विकारही होतो. परंतु ब-६ हें जीवनसत्त्व जोडीस दिल्यास तो टाळतां येतो. म्हणजे औषध न सोडतां अवयव राखण्याची युक्ति साधली, आणि हेंच या शास्त्राचें ध्येय होय.

आतां आपल्या गुळवेलीकडे वळूं. मुंबईस परळ येथील के. ई. एम. रुग्णालय व त्यास जोडलेलें शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय येथें डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आयुर्वेदांतील वनस्पतींची औषधशास्त्राच्या कसोटीवर परीक्षा केली. कार्बन टेट्राक्लोराइड या घातक रसायनानें यकृत बिघडविलेल्या उंदरांस त्यांनीं गुळवेल दिली. यकृतांत जंतु व कचरा गिळून टाकणाऱ्या विशेष पेशी असतात. त्यांचें कार्य गुळवेलीनें सुधारल्याचें त्यांस आढळलें, व हा निष्कर्ष १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीं १९९३ सालीं त्यांनीं पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रोग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला होता. रोग्यांचे दोन गट केले. एकास नेहमींचे उपचार व दुसऱ्यास त्यांजबरोबर गुळवेल. गुळवेलीच्या गटांत जंतुदोष कमी झाला व शस्त्रक्रियेनंतर अधिक रोगी वांचले. रोगी थोडे होते, तरी रीत शुद्ध होती.

यानंतर कोविडची सांथ आली. २०२० सालीं घरोघरीं गुळवेलीचा काढा उकळूं लागला. मुलांस व वृद्धांस तो प्रेमानें पाजला गेला. ही वनस्पति रक्षणच करील, याविषयीं कोणास शंका नव्हती. परंतु त्या वर्षाच्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळांत गुळवेल घेणारे ६ रोगी यकृताच्या विकारानें पीडित होऊन मुंबईंतील वैद्यांकडे आले. डॉ. आभा नगराल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें वृत्त २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. आयुष मंत्रालयानें त्यावर आक्षेप घेतला: रोग्यांनीं घेतलेली वेल खरी गुळवेलच होती हें तपासलेलें नाहीं, ती तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल असूं शकेल. आक्षेप रास्त होता, कारण पान दोहोंचें हृदयाकृति असतें. मात्र क्रिस्पाच्या खोडावर गाठींचें दाट आवरण असतें. पुढें २०२२ सालीं देशांतील अनेक रुग्णालयांतून ४३ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील पुष्कळांस असा यकृतविकार होता, कीं ज्यांत शरीराची रोगप्रतिकारशक्ति आपल्याच यकृतावर उलटते.

मग परळचे संशोधक चुकले काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. त्यांनीं मोजलेली मात्रा, विशिष्ट रोग्यांस, वैद्यांच्या देखरेखीखालीं दिली. घरांतील काढ्यास माप नव्हतें, मुदत नव्हती, व वेल ओळखण्याची खात्रीही नव्हती. शिवाय जी वनस्पति प्रतिकारशक्तीस चेतविते, ती अशक्त रोग्यास उपकारक होईल. पण ज्याच्या शरीरांत तीच शक्ति आपल्या अवयवावर उलटण्याच्या बेतांत आहे, त्यास ती अपकारक होणें संभवतें. एकच वेल एकास तारक व दुसऱ्यास मारक, यांत विरोध नाहीं.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं मुलाच्या तापावर दोन निरनिराळ्या नांवांचीं औषधें देण्यापूर्वीं दोहोंच्या वेष्टनावरील घटक वाचून पाहावे. पुष्कळदां दोहोंतही पॅरासिटामॉलच असतें. वैद्याकडे गेल्यावर काढे, चूर्णें व पुड्या यांचाही उल्लेख करावा. 'तें तर झाडपाल्याचें' म्हणून लपवूं नये. भूक मंदावणें, वांत्या, मूत्र गडद होणें किंवा डोळे पिवळे दिसणें, हीं लक्षणें औषध चालू असतां दिसल्यास त्याच दिवशीं वैद्यास गांठावें व रक्त तपासून घ्यावें. क्षयाचीं औषधें मात्र किरकोळ त्रासास भिऊन आपल्या मनानें सोडूं नयेत, कारण अर्धवट उपचारानें रोग अधिक हट्टी होतो.

विद्यार्थ्यांनो, एखादें औषध 'यकृत राखतें' असें वाचाल, तेव्हां विचारा: प्रयोग उंदरांवर झाला कीं माणसांवर? मात्रा किती होती? औषध न घेणाऱ्यांशीं तुलना केली होती काय? वनस्पति नीट ओळखली होती काय? काढा पाजणाऱ्या आईच्या किंवा आजीच्या मायेंत उणें कांहींच नसतें. त्या मायेस मापाची जोड देणें हें शिकलेल्या मुलांचें काम आहे, आणि तें तुम्हीं आपल्या घरापासूनच आरंभावें.