रुमालाखालचा भाव

भाच्या, काल फोनवर तू म्हणालास, गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, सांगलीतल्या मिस्त्रीनं रिबिल्ट बसवून द्यायचा आकडा सांगितलाय आणि निम्मे पैसे आजच मागतोय. मी विचारलं, त्यानं बॉक्स खोलला का? तू म्हणालास, नाही, नुसत्या आवाजावरून ओळखलं. तिथंच माझ्या पोटात गोळा आला. विट्याचा गलाईवालासुद्धा सोनं मुशीत आटवल्याशिवाय कस सांगत नाही, आणि हा झाकण न उघडता मोठमोठे आकडे सांगतोय!

मी काही ऑटोमॅटिकचा मिस्त्री नाही. पण पस्तीस वर्षं गॅरेजच्या दारात उभं राहून पैसे मोजलेत, काही वेळा दोनदा मोजलेत. त्यातलं जे हाताला लागलं ते तुला सांगतो.

आधी तुझ्या गाडीत कुठल्या जातीचा बॉक्स आहे ते बघ. 2014 साली सेलेरिओबरोबर जो स्वस्तातला एएमटी आपल्याकडं आला, तो मुळात नेहमीचाच गिअरबॉक्स. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला फक्त माणसाऐवजी यंत्र बसवलंय. तिथं बहुतेक वेळा क्लच प्लेट झिजलेली असते नाहीतर ते यंत्र रुसलेलं असतं. त्यासाठी अख्खा बॉक्स बदलायचा म्हणजे ढेकणासाठी घर जाळायचा प्रकार. सीव्हीटीमध्ये दोन पुल्या आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्टा. त्या पुल्यांवर ओरखडे उठले असतील तर खर्च मोठा आहे हे धरूनच चाल. ड्युअल क्लच सुका असेल तर सुट्टीच्या दिवशी खंबाटकीच्या चढाला इंचाइंचानं सरकताना तापतो, बॉक्सचे गिअर मात्र धडधाकट असू शकतात. आणि चौथा, टॉर्क कन्व्हर्टरवाला, जुना खानदानी. रिबिल्ट हा शब्द खरा शोभतो तो त्याला.

मग तेल बघ. बहुतेक गाड्यांत ते नवं असताना लालसर असतं. काळं पडलं आणि करपलेला वास आला तर आतल्या क्लच प्लेटा जळाल्यात. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी तेलात शिरलंय; तसं असेल तर रेडिएटर न बदलता नवा बॉक्स बसवलास की तोही त्याच वाटेनं जाणार. तेल स्वच्छ असेल, तर बॅटरी, वायरिंग, सोलेनॉइड यांच्याकडं आधी बोट दाखव आणि स्कॅनर लावून कोड काढायला सांग. त्या कागदाचा फोटो मला पाठव.

गाडी हलवायची झाली तर दोरी बांधून टोचन करू नको. इंजिन बंद असलं की बॉक्समधला पंप फिरत नाही, तेल पोचत नाही, आणि चाकं मात्र आतले भाग फिरवत राहतात. सपाट पाठीच्या गाडीवर चढवून ने. हजार-दोन हजार वाचवायला गेलास तर उरलेलं जे चांगलं आहे तेही घालवून बसशील.

आता रिबिल्टचं. आपल्याकडं यंत्र खोलून पुन्हा बांधणं काही नवं नाही. कूपरची ऑइल इंजिनं आणि किर्लोस्करवाडीचे पंप दुरुस्त करत सातारा-सांगलीत मिस्त्र्यांच्या पिढ्या गेल्या. पण ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स डोळे मिटून बांधणाऱ्या हाताला व्हॉल्व्ह बॉडीतली बारीक तेलवाट जमेलच असं नाही. तेव्हा लाजू नको, सरळ विचार: याच मॉडेलचे किती बॉक्स बांधलेत? त्यातली दोन गिऱ्हाईकं बोलायला मिळतील का? 'रिबिल्ट' म्हणजे तू नक्की काय काय बदलणार? नुसती सील आणि गॅस्केटं बदलून बॉक्स धुऊन चकचकीत केला, तर तो रिबिल्ट नव्हे, आंघोळ घातलेला आहे. क्लच प्लेटा, सील, बुश, फिल्टर यांची यादी कागदावर हवी. टॉर्क कन्व्हर्टर बदलणार की कापून साफ करणार, हेही त्यात हवं. आणि तेलाचा कूलर धुणार का, हे मुद्दाम विचार. जुन्या बॉक्समधला लोखंडाचा चुरा कूलरमध्ये अडकून राहतो आणि नव्या बॉक्समध्ये उतरतो. हा प्रश्न ऐकून मिस्त्री हसला तर तू तिथून ऊठ.

एक गोष्ट सांगतो, तुझ्या मामीला अजून पुरी माहीत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत चढलं, आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. किती गाड्या बुडाल्या ते तू पाहिलंसच. पुढच्या वर्षी मला एकानं 'कमी चाललेल्या गाडीचा' बॉक्स स्वस्तात दिला. पैसे एकरकमी मोजले, बिल घेतलं नाही. तीन आठवड्यांत रिव्हर्स पडेना. खोलला तेव्हा तळात बोटभर बारीक गाळ, पोयट्याचा. बॉक्सला हवा यायला वर एक छोटं नळकांडं असतं, पाणी तिथून शिरतं. क्लच प्लेटांवरचं कागदी अस्तर त्या पाण्यानं फुगून सुटलेलं. देणाऱ्याचं म्हणणं, मी बंद डबा घेतला, बंद डबा दिला. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो, म्हणून त्याचं नाव घेत नाही.

तेव्हापासून जुन्या बाजारातला बॉक्स, मग तो कुर्ल्याचा असो की दिल्लीचा, मी तळाचं भांडं माझ्यासमोर उतरवल्याशिवाय घेत नाही. गाळ, गंज, पांढरट खुणा दिसल्या की पुढचं बोलणंच नको. त्यावरचा नंबर आणि गाडीचा इंजिन-मॉडेल मेळही बघ. बाहेरून एक दिसणाऱ्या दोन बॉक्सांची आतली गणितं वेगळी असतात.

पैशाचं आता. खरसुंडीच्या जत्रेत दलाल रुमालाखाली बोटं दाबून बैलाचा भाव ठरवतात. तिथं ते शोभतं, कारण बैल समोर उभा असतो, दात मोजता येतात. इथं सगळं उघड्यावर हवं. खोलून तपासायची मजुरी वेगळी ठरव आणि लगेच देऊन टाक. कष्टाचे पैसे अडवू नयेत. मग खोललेले भाग बघून पक्का आकडा लिहून घे. सामान मागवायला एक तृतीयांश, बॉक्स गाडीला चढल्यावर एक तृतीयांश, उरलेलं चालवून बघितल्यावर. तुझा जुना बॉक्स त्याच्याकडं राहणार असेल तर त्याचे पैसे वजा व्हायला हवेत; बहुतेक लोक हे विसरतात आणि मिस्त्री आठवण करून देत नाही.

'बिल नको, टॅक्स वाचेल' असं म्हणाला तर हो म्हणू नको. सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के झालाय, काहींवर तो आधी 28 होता. बिलावर बॉक्सचा नंबर, गॅरंटीचे महिने आणि किलोमीटर, आणि गॅरंटीत मजुरी येते की नुसतं सामान, एवढं लिहून घे. उद्या भांडण लागलं तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडं दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण तिथं कागद बोलतो, तोंड नाही. माझ्याकडं गाळाची बाटली होती, कागद नव्हता.

बसवताना तू तिथं थांब. कन्व्हर्टर पंपात पुरता बसला नाही आणि बोल्ट आवळून बॉक्स ओढला, तर पंप त्याच क्षणी फुटतो आणि दोष गाडीवर जातो. नंतर स्कॅनरवरून ॲडॅप्टेशन शिकवायला हवं. पहिले काही दिवस गिअर जरा अडखळले तर घाबरू नको, पण झटका बसला किंवा इंजिन ओरडून गाडी पुढं सरकलीच नाही, तर परत ने.

शेवटचा हप्ता हातात ठेवून गाडी साताऱ्याला घेऊन ये. थंड असताना एकदा, तापल्यावर एकदा, यवतेश्वरचा घाट चढू. वर पोचून उतारावर रिव्हर्स टाकून बघू, परत खाली येऊन तेल तपासू. मिस्त्रीलाही बरोबर आण. त्याचा डबा मी बांधून ठेवतो. आणि जुनं तेल फेकून देऊ नको रे, बाटलीत भरून आण. मला त्याचा वास घ्यायचाय.